पिण्यास योग्य

लक्ष्मीदास चाळीच्या पाण्याला वास येतो तो नेमका अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, ही गोष्ट पहिल्यांदा ध्यानात आली ती राजाराम परबाच्या. पुढे त्याला जो जाच झाला तो त्यातूनच झाला. बाकीची चाळ काही लक्षात न घेता सुखात होती.

करी रोडच्या पुलापासून चाळ हाकेच्या अंतरावर. तीन मजले, बेचाळीस खोल्या आणि अंगणात जमिनीखाली पाण्याची टाकी. पहाटे पाचला रस्त्याच्या पाइपातून टाकीत पाणी पडायला लागायचं, सहाला पंप सुरू व्हायचा आणि मजल्यामजल्यावरच्या नळांना धार सुटायची. महिन्यातले पंचवीस दिवस पाणी असं, की देवाला अंघोळ घालावी. उरलेल्या दिवसांत मात्र त्याला कुजकट दर्प यायचा. बायका तोंडं वाकडी करत हंडे भरायच्या. दुपारपर्यंत वास उडून जायचा, आणि संध्याकाळी तक्रार करायला गेलेला माणूस खोटा पडायचा.

राजारामचं कामच पाण्याचं. एका प्रयोगशाळेसाठी तो नमुने गोळा करायचा. नोकरी कंत्राटी, पण कंत्राटी म्हणता म्हणता एकवीस वर्षं झाली होती. दादरच्या किनाऱ्यावर नाले समुद्राला मिळतात तिथपासून आत परळ-लालबागच्या नळांपर्यंत त्याच्या बारा जागा. किनाऱ्यावर शेवाळलेल्या दगडांवरून उतरायचं, दोरी बांधलेला स्टीलचा डबा नाल्याच्या तोंडाशी सोडायचा, भरून वर ओढायचा, बाटलीत ओतायचं. नळावर गेला की चिमट्यात स्पिरिटचा बोळा पेटवून आधी नळाचं तोंड भाजायचं, दोन मिनिटं पाणी वाहू द्यायचं, मग बाटली धरायची. बाटलीच्या बुचाला ब्राउन पेपरची टोपी आणि दोरा. वर चिठ्ठी: नंबर, जागा, वेळ, सही. बर्फाच्या पेटीतून सहा तासांच्या आत प्रयोगशाळेत. गुडघे बोलायला लागले होते, तळपायाला कालवांच्या कपच्यांचे जुने व्रण होते, पण चिठ्ठीवर लिहिलंय एक आणि आत भरलंय दुसरं, असं एकवीस वर्षांत एकदाही झालं नव्हतं. या गोष्टीचा त्याला नको इतका अभिमान होता.

मूळचा आचऱ्याकडचा माणूस. उधाण कधी आणि भांगाची मऊ भरती कधी, हे त्याला कॅलेंडर न बघता कळायचं. नाल्याच्या तोंडाला लोखंडी झडप होती. भरती आली की ती मिटायची, नाहीतर समुद्रच गावात शिरेल. पण झडप मिटली की आतली घाण जाणार कुठे? ती मागे मागे सरत तुंबायची, पार करी रोडपर्यंत. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, आणि उधाणाची भरती मध्यरात्रीच्या सुमाराला. त्या वेळी चाळीचा पाइप रिकामा असायचा, आणि तो जुना बिडाचा पाइप थेट गटाराच्या पोटातून गेलेला. बाहेर गटार भरलेलं, आत पाइप रिकामा, आणि मध्ये गंजाची भोकं. पहाटे पाणी सुटलं की रात्री आत शिरलेलं सगळं टाकीत.

हे सगळं त्याने पालिकेच्या पाणी खात्यातल्या इंजिनिअरला, अजितला, भर उन्हात रस्त्यावर खडूने रेघा मारून समजावून सांगितलं. अजित तिशीतला, पोरगा वाईट नव्हता. त्याने नीट ऐकून घेतलं.

"काका, पटतंय मला," तो म्हणाला. "पण रस्ता खोदायला माझं पटणं चालत नाही, पेपर लागतो. एक फेल सॅम्पल द्या. दुसऱ्या दिवशी पाइप बदलायचं काम लावतो, प्रॉमिस."

"मग सर्वपित्रीला या. पहाटे सहा वाजता. त्या दिवशी पाणी बोलेल."

"सर्वपित्रीला? ठीक आहे. मी स्वतः येतो."

राजाराम घरी आला तो हवेत तरंगत. घरात आता घाई करण्यासारखं कारण होतं. सून आकांक्षा पाच महिन्यांची पोटुशी होती, पहिलंच बाळंतपण. अंगाने आधीच किरकोळ, त्यात पोटात काही ठरत नव्हतं. तिच्यासाठी सुभद्रा रोज पातेलंभर पाणी उकळायची, कारण राजारामने तशी तंबीच दिली होती.

"परवा सर्वपित्रीक आपल्या पाण्याची तपासणी आसा," जेवताना तो बायकोला म्हणाला. "सायब सोता येतलो. सांग खाली बायकांका."

सुभद्राने मान डोलावली आणि त्याच्या पानात भात वाढला. ती काय समजली हे तिला विचारायची बुद्धी त्याला झाली नाही. चाळीत जन्म काढलेल्या बाईला 'तपासणी' म्हटल्यावर काय कळतं? तिच्या लहानपणी मिलचा माणूस खोल्या बघायला यायचा तेव्हा तिची आई जिने धुऊन काढायची. शाळेत तपासनीस येणार म्हटलं की पोरांना नवे गणवेश घालायचे. तपासणी म्हणजे आपली अब्रू बघायला कोणीतरी येतंय. यापलीकडे त्या शब्दाला दुसरा अर्थ असतो, हे तिला कोणी कधी सांगितलं नव्हतं.

सर्वपित्रीला राजाराम पाचच्या आधी घराबाहेर पडला. प्रयोगशाळेतून बाटल्या आणि बर्फाची पेटी घेतली, सहाला दहा कमी असताना चाळीच्या दारात आला. अजित मोटारसायकल लावत होता. अंगण धुतलेलं होतं. टाकीच्या झाकणाभोवती चक्क रांगोळी काढली होती. चाळ कमिटीचा सेक्रेटरी कुशाबा पांढरा सदरा घालून उभा होता आणि चहाची किटली तयार होती.

"काय कुशाबा, लग्न हाय काय कोणाचं?" राजारामने थट्टा केली.

"साहेब आपल्या दारात कधी येतात, राजाराम? बरं दिसतं."

तळमजल्याच्या नळाशी राजारामने बोळा पेटवला, नळ भाजला, पाणी सोडलं. वाकून नाक जवळ नेलं. कुजका वास नव्हता. दुसराच होता, झोंबणारा. त्याने छोट्या नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकले. पाण्यात क्लोरिन नेमका असेल तर ते फिकट पिवळं होतं. इथे ते गडद केशरी झालं, शेंदूर कालवावा तसं. एकवीस वर्षांत असा रंग त्याने दोनदाच पाहिला होता.

"कोणी टाकली?" तो उठून म्हणाला. आवाज त्याला वाटला त्याहून मोठा निघाला. "टाकीत पावडर कोणी टाकली?"

कुशाबा गोंधळून वर बघायला लागला. पहिल्या मजल्याच्या कठड्याशी बायका उभ्या होत्या. त्यांतून सुभद्रा पुढे झाली. तिच्या बोटांची टोकं पांढरीफटक पडली होती, सुरकुतली होती.

"मी टाकली," ती म्हणाली. "मी आणि शेजारच्या मायाने. काल दुपारी टाकी घासून काढली, आज पाणी पडाक लागल्याबरोबर ब्लिचिंगची पुरचुंडी सोडली. बाहेरची माणसं येणार, चाळीची लाज नको जायला."

हे सांगताना तिचा चेहरा कौतुकाची वाट बघत होता. राजारामला तिच्यावर ओरडायचं होतं, पण त्या बोटांकडे बघून तो परत नळाकडे वळला.

"मस्त केलंत मावशी," अजित म्हणाला. त्याला खरंच तसं वाटलं होतं.

"साहेब, हे सॅम्पल नाय," राजाराम त्याला बाजूला घेऊन बोलू लागला. "यात जंतू कसा सापडणार? सगळे मेले. पाइपाचं तोंड टाकीत बुडालंय. टाकी उपसू या, तोंड उघडं करू, पाइपातलं घेऊ."

कुशाबाने ते ऐकलं आणि त्याचा पारा चढला. "टाकी उपसायची? आज? बेचाळीस घरांत पितरांची पानं वाढायचीत! खीर, वडे, भाज्या कशात करायच्या बायकांनी? पाणी परत उद्या पहाटे. डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

वरून बायकांनी एकच गिल्ला केला. कोणी म्हणालं, पाण्याला आज वास नाही हे चांगलं झालं तर यांना का पोटशूळ? अजितने घड्याळात पाहिलं. त्याला आणखी नऊ ठिकाणी जायचं होतं.

"काका, तुम्ही भरा. शेऱ्यात क्लोरिन जास्त म्हणून लिहा. पुढच्या राउंडला परत घेऊ."

"पुढचा राउंड कधी?"

"तीन महिन्यांनी येतो ना या भागाचा नंबर."

राजारामने हिशेब केला. पौष लागेल. आकांक्षाचे दिवस भरायला येतील. त्याने बाटली भरली, टोपी बांधली, चिठ्ठी लिहिली, सही केली. यादीतल्या क्रमाप्रमाणे नमुना क्रमांक चार.

पाचवा नमुना दादरच्या किनाऱ्यावरचा. ओहोटी होती, झडप उघडलेली, नाला काळाभोर होऊन वाळूत पसरत होता. पलीकडे लोक पितरांना पिंड घालून पाण्यात उतरत होते, चूळ भरत होते, आणि त्यांना थांबवायचा अधिकार राजारामला नव्हता. तो दगडांवरून खाली गेला, डबा सोडला, ओढला, बाटली भरली. उरलेलं पाणी डब्याच्या तळाशी हलत होतं. पेटी उघडली तेव्हा चार नंबरची बाटली समोरच होती.

एक थेंब पुरे होता. अख्खी बाटली बदलली तर प्रयोगशाळेतल्या दीपिकाला लगेच कळलं असतं, पण एक थेंब कोणाला कळणार? बाटलीत क्लोरिन मारायचं औषध आधीच घातलेलं असतं, त्यामुळे थेंबातले जंतू मेलेही नसते. आणि तो थेंब खोटाही नव्हता. हेच पाणी, याच नाल्याचं, रात्री चाळीच्या पाइपात शिरलं होतं. राजारामने चार नंबरचा दोरा सोडला. टोपी काढली. बूच अर्धं फिरवलं. डबा तिरपा केला. आणि त्याचा हात थांबला.

कशामुळे थांबला, ते त्याला नंतर कधी नीट सांगता आलं नाही. भीती नव्हती, बघणारं कोणी नव्हतं. पण आजवर भरलेल्या सगळ्या बाटल्या जणू एकदम खोट्या पडतील असं त्याला वाटलं. त्याने बूच घट्ट केलं, टोपी चढवली, दोऱ्याला दोन गाठी मारल्या. हे शहाणपण होतं की मूर्खपण, ते ज्याने त्याने ठरवावं. आपल्याला विचाराल तर त्या दिवशी थोडा कमी सच्चा माणूस तिथे हवा होता.

चौथ्या दिवशी कागद आला. कुशाबाने तो जिन्याखालच्या फळ्यावर लावला, कोपऱ्याला हळदकुंकू टेकवलं आणि लाल पेनाने शेवटच्या दोन शब्दांखाली रेघ ओढली: पिण्यास योग्य. खाली नमुना गोळा करणाऱ्याची सही होती, आर. के. परब. येणारी-जाणारी माणसं वाचायची आणि राजाराम दिसला की म्हणायची, "बघा, उगाच घाबरवत होता आम्हाला."

पावडर चार दिवस पडली, मग संपली. ती पुन्हा आणायचं कोणाच्याच मनात आलं नाही. पाणी तर पास झालं होतं.

कोजागिरीच्या सकाळी वास आला. राजारामने घरची बाटली उकळून घेतली, टाकीतलं पाणी भरलं आणि काखोटीला मारून प्रयोगशाळेत नेली. दीपिका त्याच्या लेकीच्या वयाची. तिने बाटली हातात घेतली आणि तशीच परत ठेवली.

"काका, यादीत नंबर नसेल तर मला ही फ्रिजमध्येपण ठेवता येत नाही."

"नुसतं बघ तरी. मला कागद नको."

"बघून काय करणार? मी सांगितलं खराब आहे, तर पुढे कोण ऐकेल? तुमचा पास झालेला रिपोर्ट आहे ना फायलीत." मग ती हळू आवाजात म्हणाली, "एकच रस्ता असतो. इस्पितळात कावीळ-कॉलऱ्याचा पेशंट आला की ते एक फॉर्म भरतात. पाणी कुठलं, कसं पिता. त्यात पाण्यावर शंका आली की राउंडची वाट बघत नाहीत. चोवीस तासांत टीम जाते, रस्ता खोदतात."

"म्हणजे कोणीतरी आजारी पडायला हवं."

"असं नाही म्हणत मी, काका."

ती तसं म्हणत नव्हती, पण त्याचा अर्थ दुसरा काय होणार? राजारामने बाटली बाहेर झाडाच्या बुंध्याशी ओतली आणि कामाला गेला.

घरात वेगळंच चाललं होतं. उकळलेल्या पाण्याला भांड्याचा वास येतो, ओकारी येते, असं आकांक्षा म्हणायची. आधी सुभद्रा तिला दटावून पाजायची. आता तिने पातेलं फळीवर चढवून ठेवलं. राजारामला कळलं तेव्हा तो खवळला.

"उकळल्याशिवाय द्यायचं नाय म्हणून सांगितलं होतं ना?"

"खाली कागद कसलो लावलेलो आसा?" सुभद्राही उसळली. "तुमचीच सही ना ती?"

"तुझ्या पावडरीमुळे पास झालं गो ते!"

"म्हणजे पाणी चांगलां झालां म्हणूनच पास झालां ना? मी काय वायट केलंय? आणि वायट असतां तर सही कित्याक केली तुमी?"

राजाराम समजावायला गेला की तिच्या डोळ्यात पाणी यायचं. टाकी घासताना तिच्या हाताची सालं गेली होती, आणि त्याबद्दल नवऱ्याकडून एक चांगला शब्द आला नव्हता, हे ती विसरली नव्हती. मग तो स्वतःच पहाटे उठून पाणी उकळून ठेवू लागला. पण बरोबरचा एक जण नोकरी सोडून गेला, त्याच्याही जागा राजारामच्या गळ्यात पडल्या, चारलाच निघावं लागायचं. पाणी कधी उकळलं जायचं, कधी नाही. आणि उकळलेलं असलं तरी आकांक्षा सासऱ्याची पाठ वळली की हंड्यात पेला बुडवायची. तिला तहान लागायची, आणि थंड पाणी गोड लागायचं. त्या पोरीला कोणी दोष द्यावा?

तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तिचे डोळे पिवळे दिसले. गल्लीतल्या डॉक्टरने औषध दिलं, उसाचा रस पाजा म्हणाला. तिसऱ्या दिवशी ती विनीतला, स्वतःच्या नवऱ्याला, कोण तुम्ही म्हणून विचारायला लागली. टॅक्सीत घालून तिला परळच्या इस्पितळात नेलं. गरोदरपणात ही कावीळ डोक्यात चढते, असं तिथली डॉक्टर म्हणाली. उशीर झाला, असंही म्हणाली, पण ते हळूच.

पुढच्या दिवशी दुपारी पोटातलं बाळ गेलं. सातव्या महिन्यातली मुलगी होती. आकांक्षाला ते कळलं नाही, ती काचेपलीकडे नळ्या लावून निपचित पडली होती. वाचेल का, हे दोन दिवसांनी सांगू म्हणाले.

बाहेरच्या बाकावर सगळे बसले होते. विनीत भिंतीकडे तोंड करून. आकांक्षाची आई दुर्गा सावंतवाडीहून रात्रभर बसमध्ये बसून आली होती, साडी चुरगळलेली, डोळे सुजलेले. बाकाच्या दुसऱ्या टोकाला सुभद्रा. ती कालपासून जेवली नव्हती. तिला सगळं कळून चुकलं होतं. राजारामने काही न बोलताच कळलं होतं.

एक नर्स हातात पॅड घेऊन आली. पिवळट कागद, वर छापलेले रकाने. राजारामने तो लांबूनच ओळखला. दीपिका म्हणाली होती तोच फॉर्म. त्याला आशा वाटली, आणि त्या आशेची लाजही वाटली. गेलेलं परत येणार नव्हतं, पण रस्ता खोदला जाणार होता. चाळीत अजून दोन पोटुश्या होत्या, पाळण्यातली पोरं होती.

नाव, वय, पत्ता विनीतने सांगितलं.

"पिण्याचं पाणी कुठलं?"

"नळाचं," राजाराम म्हणाला. "चाळीच्या टाकीतलं." तो उठून उभा राहिला होता.

"उकळून पीत होती का पेशंट?"

तेवढ्यात दुर्गाने मान वर केली. ती नर्सकडे बघत नव्हती, सुभद्राकडे बघत होती.

"उकळूनच देत होतात ना?" ती म्हणाली. "मी फोनवर दर वेळी सांगायचे, ताई, तिला उकळून द्या. तुम्ही हो म्हणायचात. देत होतात ना?"

सुभद्राने दोन्ही हात पदराखाली घेतले आणि राजारामकडे पाहिलं. चाळीस वर्षांच्या संसारात तिने त्याच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. मारायला नेलेलं जनावर बघतं तशी ती बघत होती.

फक्त 'नाही' म्हणायचं होतं. खरंच तर सांगायचं होतं. एकवीस वर्षं त्याने दुसरं केलं काय होतं?

"हो," राजाराम म्हणाला. "उकळून."

"रोज?"

"रोज."

"मग पाण्यातून नसेल," नर्स म्हणाली. "बाहेरचं काही खाल्लं होतं का महिना-दीड महिन्यात? पाणीपुरी, बर्फाचा गोळा?"

"दिवाळीच्या आधी साडी घ्यायला हिंदमाताला गेलो होतो," विनीत भिंतीकडूनच म्हणाला. "तेव्हा पाणीपुरी खाल्ली होती तिने. एक प्लेट."

"बघा. तेच ते," नर्स म्हणाली आणि तिने खूण केली. तिला आणखी चार पेशंटचे फॉर्म भरायचे होते.

ताई, थांबा, एवढंच म्हणायचं होतं. राजारामचा हातही थोडा उचलला गेला. पण दुर्गा बाकावरून सरकत सुभद्राजवळ आली होती आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडत होती. "तुम्ही तरी काय करणार हो ताई," ती म्हणत होती. "तुम्ही तर सगळं केलंत." सुभद्रा ताठ बसून राहिली. नर्स चपला वाजवत वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला गेली, आणि राजारामने हात खाली घेतला.